झाकलेला आकडा

बाबा, आज दुपारी आम्ही आमचा आकडा उघडला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तुमच्या शाळेतून फोन आला. दोन्ही एकाच दिवशी यावं असं कोणी ठरवलं नव्हतं, पण आलं खरं. फोनवर आत्ताचे मुख्याध्यापक होते, तुमचेच विद्यार्थी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. शाळेची प्रयोगशाळा नव्याने बांधून झाली आहे आणि तिला तुमचं नाव देणार आहेत. त्यानिमित्त स्मरणिका काढायची आहे, त्यात माझा लेख हवा. लेख म्हणजे त्यांनी लिहूनही ठेवलेला. ‘ताई, तुमाले तरास नको म्हणून आमीच लिहून काढलं, तुमी फक्त पाहून घ्या अन् सही करून पाठवा,’ असं म्हणाले आणि फोन ठेवायच्या आत तो लेख माझ्या मोबाईलवर आला. खाली माझं नाव, माझी पदवी, फोटोसाठी मोकळी चौकट. मधोमध ठळक अक्षरांत एक वाक्य: ‘बारावीच्या प्रॅक्टिकलला सरांनी स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही, त्या शिस्तीनेच मी आज इथवर पोचले.’ उद्यापर्यंत कळवायला सांगितलं. माणूस भला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. उत्तर आधी लिहायचं आणि बाकीचं मागून जमवायचं हे तो तुमच्याकडूनच शिकला.

मी काय करते हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही, म्हणजे सांगायची वेळ आली तेव्हा तुम्ही नव्हतात. आकाशात कधीकधी दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांवर आदळतात. एकेक तारा सूर्यापेक्षा जड आणि आकाराने एखाद्या शहराएवढा. ते आदळतात तेव्हा अवकाशालाच थरकाप सुटतो आणि तो थरकाप इथपर्यंत पोचतो. तो किती जोराचा आहे त्यावरून टक्कर किती दूर झाली ते काढता येतं. त्याच टकरीतून उजेडही निघतो, आधी निळसर, मग आठवडाभरात लाल होत विझून जाणारा. त्या उजेडामुळे टक्कर कुठल्या आकाशगंगेत झाली ते सापडतं, आणि ती आकाशगंगा आपल्यापासून किती वेगाने लांब जाते आहे तेही. अंतर एकाकडून घ्यायचं, वेग दुसऱ्याकडून, आणि भागाकार केला की विश्व किती वेगाने पसरतं आहे ते मिळतं. ऐकायला सोपं आहे. थरकाप आणि उजेड दोन्ही नीट हाती लागलेत अशी टक्कर आजवर एकच. आम्ही गेली काही वर्षं तिच्याच उजेडाचं मोजमाप पुन्हा पुन्हा करत बसलो आहोत. माझ्या वाट्याला त्यातला कोन आला आहे.

कोन म्हणजे काय ते तुम्हाला लगेच कळलं असतं, तेवढे तुम्ही हुशार होतात. बाजाराच्या आदल्या दिवशी मेडशीच्या रस्त्याने भोंगा लावलेली रिक्षा फिरायची, आठवतं? भोंग्याचं तोंड आपल्याकडे असलं की रिक्षा दारात आल्यासारखी वाटायची आणि तोंड पलीकडे फिरलं की ती गावाबाहेर गेलीशी वाटायची, जरी ती तिथेच पारापाशी उभी असली तरी. या टकरीचंही तसंच आहे. थरकाप क्षीण आला तर ती खरंच दूर आहे की नुसती कुशीवर वळलेली आहे, हे एकट्या थरकापावरून कळत नाही. उजेड कसा विझत गेला, कुठल्या रंगातून कुठल्या रंगात गेला, नंतर बरेच दिवस काय मागे राहिलं, हे बघून तिचं तोंड कुठे होतं ते मी शोधते. तोंड कुठे होतं हे कळल्याशिवाय अंतरावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच माझं काम.

या सगळ्याला एवढी किंमत का, तर विश्वाच्या पसरण्याचे आज दोन आकडे आहेत आणि ते जुळत नाहीत. विश्वाच्या बालपणीच्या उजेडावरून काढलेला सदुसष्टच्या आसपास येतो आणि जवळच्या ताऱ्यांवरून पायरी पायरीने काढलेला त्र्याहत्तरच्या आसपास. म्हणजे बत्तीस-तेहतीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेली आकाशगंगा दर सेकंदाला इतके किलोमीटर लांब जाते. दोन्हीकडची माणसं शहाणी आहेत, दोन्हीकडची मोजणी चोख आहे आणि दोघंही आपापल्या बांधावर उभे आहेत. आमची टक्कर म्हणजे तिसरा साक्षीदार, ज्याचं या दोघांशी काही नातं नाही. आणि साक्षीदाराला कोणी पढवू नये म्हणून आम्ही एक पथ्य पाळतो. आमच्यातला एकजण सुरुवातीलाच उत्तरात एक गुप्त संख्या मिसळून ठेवतो. ती कोणती ते तो कोणालाही सांगत नाही. त्यामुळे काम करताना खरं उत्तर कोणालाच दिसत नाही, ते झाकलेलं असतं. सगळ्या पायऱ्या तपासून झाल्या, चुका शोधून झाल्या, आता यात काही बदलणार नाही असं सगळ्यांनी म्हटलं की मगच ती संख्या काढून घ्यायची आणि आकडा उघडायचा. उत्तर आधीपासून माहीत असलं तर माणूस नकळत तिकडे झुकतो म्हणून ही एवढी खबरदारी. पहिल्यांदा मला हे सांगितलं गेलं तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन एकटीच हसले होते. मग हसू थांबेना, आणि मग ते हसूही राहिलं नाही.

तुमची प्रयोगशाळा माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोऱ्या, चालू असलेलं एकच स्टॉपवॉच आणि तेही तुमच्या कपाटात कुलपाखाली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तो कागद, त्यावर प्रत्येक प्रयोगाची तयार रीडिंग. ती कधी कोणी घेतली होती देव जाणे, माझ्या आधीच्या कितीतरी बॅचेस त्यावरच पास झाल्या होत्या. तुम्ही फळ्यावर सिद्धांत शिकवायचात तो मात्र असा, की मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसायची. आणि तास संपला की तो कागद उघडायचात. ‘उतरून घ्या, अन् शेवटचा आकडा ज्यानं त्यानं आपापला बदला, सगळ्यायचं सारखं नको दिसाले.’ तोच तुमचा आवाज, तोच खडू. मी त्या वर्गात तुम्हाला सर म्हणायची आणि घरी येऊन बाबा. दोघांतला फरक मला तेव्हा कळत होता असं मला वाटायचं.

लंबकाचा प्रयोग मी घरी केला, कारण शाळेत तो कोणी करतच नव्हतं. स्वयंपाकघरात आढ्याला पाळण्याची जुनी कडी होती, तिला आईचा शिवणाचा दोरा दुहेरी करून बांधला आणि खाली बियाणं तोलायचं अर्ध्या किलोचं लोखंडी माप अडकवलं. तुमचं मनगटी घड्याळ घेतलं. दुपारभर मी झोके मोजत होते आणि आई वाकून त्याखालून ये-जा करत होती. ‘हे डोक्यात बसलं त भाकरी कोण थापन?’ असं ती म्हणायची, पण तिने काढ म्हणून म्हटलं नाही. उलट कढई उतरवताना झोका हलू नये म्हणून श्वास धरून उभी राहायची. पृथ्वीच्या ओढीचं उत्तर आलं नऊ पॉइंट तीन, हवं होतं नऊ पॉइंट आठ. पुन्हा केलं, दोरा बदलून केला, दार लावून वारा बंद करून केला. पुन्हा तेच. संध्याकाळी तुम्ही पाणी प्यायला आत आलात, मापाला बोटाने थांबवलंत, दोऱ्याकडे वर आणि खाली पाहिलंत आणि काही न बोलता तांब्या घेऊन बाहेर गेलात. माझं उत्तर का कमी येतंय हे मी तुम्हाला रात्री जेवताना विचारलं. तुम्ही म्हणालात, वर्गातल्या गोष्टी वर्गात.

मग वर्गात. वही तुमच्यापुढे ठेवली तेव्हा आसपास सगळी बॅच उभी होती. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात आणि मोठ्याने वाचलंत. ‘नऊ पॉइंट तीन. सगळ्या दुनियेले पृथ्वी नऊ पॉइंट आठनं ओढते, अन् तुह्याकडूनच कमी ओढून राह्यली का?’ पोरं हसली. मी म्हटलं, सर, पण येतंय तेवढंच. तुम्ही ते पान वहीतून फाडलंत, रागाने नाही, अगदी सावकाश, पट्टी लावून फाडल्यासारखं. आणि म्हणालात, ‘उत्तर माहीत असते तवा रीडिंग मांगून येतात, इतकं बी समजत नाही मास्तरच्या पोरीले.’ त्यानंतर कित्येक दिवस ‘पृथ्वी कमी ओढते’ हे माझं नाव पडलं होतं. ते पोरांचं मी केव्हाच सोडून दिलं. तुम्ही फक्त एक प्रश्न विचारायचा होता, कुठून कुठपर्यंत मोजलंस. एवढाच. कुठल्याही शिक्षकाने विचारला असता.

परीक्षेला मी माझंच लिहिलं. हट्टाने लिहिलं, लहान होते, खरं म्हणजे जिंकेल अशी काहीतरी समजूत होती. बाहेरून आलेले परीक्षक आपल्याच घरी उतरले होते, दरवर्षीप्रमाणे. सकाळी तुम्ही त्यांना शिरपूरच्या मंदिरात दर्शनाला नेऊन आणलंत, दुपारी परीक्षा झाली आणि संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला लावले, वांग्याची भाजी, तूप. परीक्षकांना जेवू घालायचं आणि सगळ्या पोरांसाठी भरभरून गुण घ्यायचे ही आपल्याकडची रीतच होती, त्यात कोणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही. मी तूप वाढायला बाहेर निघाले होते. दाराशी होते तेव्हा परीक्षकांचा आवाज आला, की बाकीच्यायचे सारेच एका साच्यातले दिसतात, तुमच्या पोरीनं मात्र खरंखुरं करून पाह्यलेलं दिसते. मी तुपाची वाटी धरून तिथेच थांबले. आता तुम्ही काय म्हणता ते मला ऐकायचं होतं. आयुष्यात एवढी आस लावून मी पुन्हा कोणाचं बोलणं ऐकलं नाही.

‘केलं असन,’ तुम्ही म्हणालात. ‘पण चुकलं ना. तिचे कापा. बाकीच्यायले द्या पुरे. उद्या कोणी म्हणाले नको का सरानं घरातल्या घरात मार्क वाटले.’ ते गृहस्थ म्हणाले, सर, लेकराचं वर्ष हाय. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘म्हणूनच त.’ मग काही वेळाने रोडगे ताटात आले आणि त्यांच्यावरून बोलणं सुरू झालं, कारण त्या दिवशी ते करपले होते, आणि तुम्ही पाहुण्यांसमोर आईला फटकारलंत की एवढ्या वर्षांत विस्तव सांभाळता येत नाही. मी तूप वाढलं. तुमच्या ताटात जास्त वाढलं, हे मला अजून आठवतं, हाताला सवय होती.

अख्ख्या बॅचमध्ये एकटीचे गुण कापले गेले आणि तेही रीतसर, कारण एकटीचंच उत्तर चुकलेलं होतं. पुण्याच्या ज्या कॉलेजात मला जायचं होतं त्यांच्या यादीत माझं नाव आलं नाही, थोडक्यात राहिलं. मग तीन वर्षं एस.टी.ने वाशिम. एस.टी.ला नावं ठेवत नाही, त्या बसमध्येच मी पदवीचा अभ्यास केला. पण गावभर तुमचं नाव झालं. चहाच्या टपरीवर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात मला ऐकू येईल असं लोक सांगायचे, माणूस पाह्य, पोटच्या पोरीले बी सोडलं नाही. आणि तुम्ही नुसती मान हलवायचात, नाही म्हणायचा नाहीत आणि हो पण नाही. ज्यांना तुमच्या कागदावरून उतरवून पैकीच्या पैकी मिळाले होते तीच पोरं सगळ्यात जास्त सांगायची. तुमचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला तुम्हाला एक वही लागत होती आणि त्या वर्गात खरी वही एकच होती. घरचीच होती, मागायला लांब जावं लागलं नाही.

एम.एस्सी.ला शेवटी पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही स्टँडवर सोडायला आलात. बस सुरू झाल्यावर खिडकीतून एक रुमालात बांधलेली वस्तू दिलीत. उघडून पाहिली तर बारीक मोजमापाचं वर्नियर, नवीन, अकोल्याहून आणलेलं असणार. मला बरं वाटलं. सांगते ते खरं सांगते, रिसोडचा फाटा जाईपर्यंत मी रडत होते, वाटलं बाबांना काहीतरी बोलायचं आहे आणि जमत नाही. वाशिमलाही लंबकाची रीडिंग तयारच मिळायची; पुण्यात पहिल्या सत्रात पहिलाच प्रयोग लंबकाचा निघाला. पुन्हा कमी उत्तर आलं. तिथल्या शिक्षकांनी वही पाहिली आणि चहा पिता पिता विचारलं, गोळ्याची त्रिज्या मिळवलीस का? दोऱ्याची लांबी मोजायची ती गोळ्याच्या मध्यापर्यंत, नुसत्या दोऱ्यापुरती नाही. गोळ्याची जाडी मोजायला त्यांनी मला वर्नियर पुढे केलं. माझ्या ट्रंकेत एक होतं.

त्या दिवाळीला घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर पुढच्या वर्षासाठी सोयाबीनचं बियाणं निवडत बसला होतात. मी समोर बसून तुमच्याबरोबर निवडायला लागले आणि विचारलं, बाबा, तेव्हा मी कुठे चुकले होते ते तुम्हाला माहीत होतं? मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. नाही म्हटलं असतंत तर मी विश्वास ठेवला असता, मी विश्वास ठेवायची पूर्ण तयारी करूनच बसले होते.

‘पाह्यल्यापाह्यल्याच समजलं होतं मले,’ तुम्ही म्हणालात. ‘मापाच्या मधापर्यंत मोजाले पाह्यजे, अन् तू दोऱ्यालेच थांबली.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘सांगतलं असतं त तुह्यं उत्तर बरोबर आलं असतं.’ सुपातला एक फुटका दाणा तुम्ही बाजूला काढलात. ‘मंग कापाले काय राह्यलं असतं?’ आणि थोड्या वेळाने, जणू हिशोब मिटला आहे अशा आवाजात, ‘वर्नियर देलं ना तुले.’

त्यानंतर होळीच्या आधीच तुम्ही गेलात. झोपेतच गेलात, लोक म्हणाले पुण्यवान माणूस. मी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं आणि कोणीतरी नव्याने आलेल्या पाहुण्याला तीच गोष्ट सांगत होतं, पोटच्या पोरीची. सांगणाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं, हीच ती पोरगी. मी तिथे तुमच्या पायाशी उभी होते आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, पुरावा बघावा तसे. मी रडत होते आणि लोकांना वाटलं, बापासाठी. बापासाठीही होतंच.

आज शाळेचा फोन झाल्यावर मी आईला फोन लावला. ती आता थकली आहे, पण जीभ तशीच आहे. मी तिला आधी माझं सांगितलं, की जे तारे आदळतात त्यातून सोनंही तयार होतं, तुझ्या गळ्यातलं सोनं अशाच कुठल्यातरी टकरीत घडलं असेल. ती म्हणाली, ‘एवढं तयार होते त मंग सस्तं काहून होत नाही?’ मग मी लेखाचं सांगितलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘ते रोडगे जळले नोते. म्या जाळले होते.’ तिने सगळं ऐकलं होतं. ती अंगणाच्या कडेला विस्तवापाशी बसलेली होती आणि गोवऱ्या पुढे सारत राहिली, काळे होईपर्यंत. ‘तेवढंच माह्या हातात होतं वं माय.’ एवढी वर्षं मी समजत होते की त्या अंगणात माझ्या बाजूने कोणीच नव्हतं. मी तिला म्हटलं, मी सही करणार नाही. ती म्हणाली नकोच करू, पण कार्यक्रमाला मी जाईन, शाल देतीन म्हणतात, मले कुठं नेलं होतं त्यानं कधी, आता शाल त घेऊन येऊ दे. मग तिला मी हसताना ऐकलं. त्यानंतर लगेच मी मुख्याध्यापकांना कळवून टाकलं, लेखाखाली माझं नाव घालू नका. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, त्यातलं माझं एकही वाक्य नाही. ते दुखावले. गावात आता दुसरी गोष्ट सुरू होईल, शिकलेली लेक बापाला विसरली म्हणून. होऊ दे.

माझ्या कामातल्या एका मैत्रिणीला मी हे सगळं एकदा सांगितलं होतं. ती चांगल्या मनाची आहे. म्हणाली, अगं, तुझंच शास्त्र लाव ना, माणूस दूर नसतो, कधीकधी नुसता कुशीवर वळलेला असतो, म्हणून आवाज पोचत नाही. ऐकायला छान वाटलं. रात्रभर मी ते लावूनही पाहिलं. पण बाबा, मी कोन मोजायचंच काम करते. तुम्ही कुशीवर नव्हतात. स्वयंपाकघरात मापाला बोट लावून उभे होतात तेव्हा तुमचं तोंड सरळ माझ्याकडे होतं आणि मधे काही नव्हतं. एवढ्या जवळून, एवढं स्पष्ट दिसत असताना तुम्ही तांब्या उचललात आणि बाहेर गेलात. तुम्ही पोरांवर हात उगारला नाहीत, दारू प्यायला नाहीत, आईला उपाशी ठेवलं नाहीत, हे सगळं मी जमेला धरते. धरूनही उत्तर बदलत नाही.

आकड्याचं राहिलंच. तो उघडला तेव्हा आमच्यातले सगळे वेगवेगळ्या गावांतून पडद्यावर जमले होते. ज्याने गुप्त संख्या मिसळली होती त्याने ती काढून घेतली. उत्तर आलं दोघांच्या मधोमध, आणि अनिश्चितता एवढी की दोन्ही बाजूंना हात लागतोय. म्हणजे आमचा साक्षीदार अजून कोणाच्याच बाजूने बोललेला नाही. अशा आणखी टकरी मिळाल्या की बोलेल. तरुण मुलं जरा खट्टू झाली. मी त्यांना म्हटलं की आलं ते आलं, आता यात कोणी काही हलवायचं नाही, आणि माझा आवाज मला जरा जास्तच कडक वाटला.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे. शाळेच्या पत्त्यावर टाकलं तर तुमच्या नावाच्या प्रयोगशाळेत उघडतील. टेबलाच्या खणात वर्नियर आहे, त्याच्या खाली घडी करून ठेवीन. पण ठेवण्याआधी एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती कोणाला सांगितलेली नाही आणि आईलाही सांगणार नाही.

आकडा झाकलेला असला तरी कुठली दुरुस्ती त्याला वर नेईल आणि कुठली खाली, हे कळतं. आणि माझ्याही मनात एक आकडा होता, खालच्या बाजूचा, सदुसष्टच्या जवळचा. बरीच वर्षं मी सभांमधून त्याच बाजूने बोलत आले आहे. गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी तिचं काम घेऊन आली. यवतमाळकडची आहे, अबोल, स्वतः केल्याशिवाय काही मानत नाही. उजेडावरून आकाशगंगेचा वेग काढताना ती शेजारच्या आकाशगंगांच्या ओढीने जेवढी हलते तेवढं वजा करायचं असतं. पोरीने ते दोनदा वजा केलं होतं. एकदा तिने स्वतः केलं, आणि दुसऱ्याकडून घेतलेल्या तक्त्यात ते आधीच एकदा झालेलं होतं. त्याने आमचं उत्तर खाली जात होतं, मला हवं तिकडे. ती म्हणाली, मॅडम, पाच वेळा तपासलं, हेच येतंय. मी कागदाकडे पाहिलं आणि पाहिल्या पाहिल्या मला समजलं.

मी तिला सांगितलं, बाबा. कुठून वजा केलंस म्हणून विचारलं, तिला तिची चूक तिच्या हाताने सापडू दिली, वेळेत सापडली, आज उघडलेल्या आकड्यात ती नाही. पण लगेच सांगितलं नाही. माझ्यासमोर चहा होता. तो संपेपर्यंत मी गप्प बसले होते.